पुलात अडलेली घोडी

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एका दरीतल्या छपराच्या लाकडी पुलाला शंभर वर्षं झाली, म्हणून गावाने त्याला पताका लावल्या आणि एल्डन आपल्या बग्गीतून लुएलाला तो बघायला घेऊन निघाला. वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, म्हणून पुलाच्या आत भरदुपारीही अंधार, त्यामुळे गावातली वात्रट पोरं आपल्या घोड्यांना बरोबर मधोमध थांबायला शिकवायची. शेजारी मुलगी बसलेली असली की एका चुंबनापुरती सवड मिळायची. एल्डन बिचारा त्यातला नव्हता. हिवाळाभर लाकूडतोडीला जंगलात गेला, तेव्हाही मनातलं बोलायचं सोडून लुएलाला "एवढी माझी घोडी सांभाळ" इतकंच म्हणून गेला होता.

आणि आज पुलाच्या ऐन मध्यावर तीच घोडी गपकन थांबली.

"अगं, चल ना बाई!" एल्डन कानापर्यंत लाल झाला. त्याने लगाम हलवला, चुचकारलं, अगदी हात जोडले, घोडी ढिम्म. "लुएला, देवाशप्पथ सांगतो, मी नाही हिला हे शिकवलेलं! आजवर कधी अशी थांबली नाही गं ही. तू मला तसला समजू नकोस!"

लुएलाला हसू आवरेना. तिने झग्याच्या खिशातून सफरचंद काढलं, तशी घोडीने लगेच मान वळवली.



"ठाऊक आहे रे. अख्खा हिवाळा मी शिकवत होते तिला, तुझ्या भरवशावर राहिले असते तर पुलाची दुसरी शंभरी उजाडली असती!"