चाळीस पावलांवर

शिलाईवालीनं गळ्यातली टेप काढून गाडीची उंची पुन्हा मोजली आणि मान हलवली.

"अजून दोन बोटं कमी करा, वस्ताद."

रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची ती दणकट गाडी दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर उभी होती. तीन आठवड्यांत वस्तादनं तिचं रूपच पालटलं होतं. प्लास्टिकचे गिअर काढून पोलादी बसवले, वेग कमी करून जोर वाढवला, खडकाला धरतील अशी मऊ रुंद टायरं घातली, पाणी शिरू नये म्हणून मोटारीची पेटी चहूबाजूंनी बंद केली. पुढं कॅमेरा आणि दोन दिवे लावले. इथवर ठीक होतं. लोकांना नाना तऱ्हेच्या हौशी असतात. पण हौशी माणूस गाडी चालवताना गाडीकडे बघतो. ही बाई दुकानामागच्या खडीच्या ढिगावर गाडी चढवायची, उतरवायची, ती पाठ फिरवून. नजर फक्त हातातल्या पडद्यावर. आणि एकदाही हसली नव्हती.

"टप काढून टाकावा लागेल," वस्ताद म्हणाला. "एवढी बुटकी गाडी कुठल्या फटीतून घुसवायची आहे?"

तिनं पिशवीतून वायरीचं एक भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं. रिमोटचा हुकूम आणि कॅमेऱ्याचं चित्र, दोन्ही या वायरीतून यायला हवं, म्हणाली. जिथं जायचंय तिथं हवेतून काही पोचत नाही.

वायर बघून वस्तादनं हातातला पाना खाली ठेवला. तरुणपणी त्यानं सुरुंग लावणारे पाहिले होते. तेही असेच वायर सोडत सोडत मागं यायचे. मी बरोबर येतो, तुम्हाला मदत होईल, असं त्यानं सहज बोलल्यासारखं करून सुचवलं. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही नका येऊ. तुमच्या अंगाशी येईल."

बायकोला त्यानं हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, संशयाला औषध नाही, पण एवढंच वाटत असेल तर गाडी देऊ नका. त्यानं गाडी दिली. आणि रविवारी सकाळी बाई पाठीवर बोचकं बांधून निघाली, तेव्हा तोही बराच मागं राहून चालू लागला.

ती शहराबाहेर पडली, खाणीकडे वळली. आता त्याची खात्रीच पटली, ही सुरुंगच लावणार. चालू खाणीचं ऑफिस डावीकडे होतं. बाई मात्र उजवीकडे गेली, जुन्या बोगद्याकडे. दोन वर्षांपूर्वी तिथं दरड कोसळली होती आणि सहा माणसं आत राहिली होती. सगळ्या शहराला ते ठाऊक होतं. तोंडावर लोखंडी जाळी होती. जाळीच्या खाली फट होती, जेमतेम वीतभर.

तिनं बोचकं सोडलं, गाडी काढली आणि फटीतून आत सारली. मग मागं न बघताच म्हणाली, "आलाच आहात तर वायर धरा. गुंता होऊ देऊ नका."

वस्ताद खाली मान घालून पुढं झाला. रिळावर गुंडाळलेल्या वायरीला दर दहा पावलांवर लाल दोरा शिवलेला होता. बारीक, एकसारख्या टाक्यांनी.

आत कोण आहे, असं त्यानं हळूच विचारलं. पाठचा भाऊ, ती म्हणाली. कंपनीनं चार दिवसांत शोध थांबवला. चाळीस पावलांवर दगड आहेत, माशीसुद्धा पुढं जाणार नाही, असं लिहून दिलं.

"मला ते दगड बघायचेत," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

गाडी निघाली. पडद्यावर ओल्या भिंती सरकू लागल्या, लाकडी टेकू, एक उलटं पडलेलं घमेलं. पोलादी गिअरांचा करकर आवाज बोगद्यातून उलटा येत होता. वस्तादच्या बोटांमधून लाल दोरे जात होते. एक, दोन, तीन. चौथा गेला तेव्हा बाईनं गाडी थांबवली आणि दिवे सगळीकडे फिरवले. छत शाबूत होतं. खाली पातळ चिखल, बस्स. एक दगड नव्हता.

वस्तादनं आणखी वायर सोडली. तिनं गाडी पुन्हा पुढं घेतली. पाचवा दोरा. सहावा. नववा जाताजाता पडदा एकदम उजळला. दिव्यांचा उजेड कशावर तरी आपटून परत येत होता.

समोर भिंत होती. विटांची. खालपासून वरपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

वस्तादनं नकळत मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. चालू खाणीच्या ऑफिसची खिडकी तेवढी उन्हात चमकत होती. तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, गाडी जरा जवळ घ्या."

तिनं घेतली. विटा सरळ रेषेत बसवलेल्या होत्या. मधल्या फटी सिमेंटनं भरून वरून गुळगुळीत केल्या होत्या.

"ही आतून बांधलीय की बाहेरून?" तिनं विचारलं.

वस्तादनं फटी एकेक करून पाहिल्या. खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं.

"बाहेरून. फटी या बाजूनं भरल्यात."

तिनं बोट बटणावरून काढलं. पडद्यावर भिंत तशीच उजळलेली राहिली.

"म्हणजे आतल्यांना आत ठेवून बांधणारा घरी गेला," ती म्हणाली.