रांग फ, जागा एकवीस

फ रांगेतली एकविसावी जागा रिकामी होती. दोन वर्षं गाडीखाली झाकलेलं डांबर आजूबाजूच्या डांबराहून काळं दिसत होतं. रखवालदार त्या काळ्या चौकोनाकडे बघत मनात वाक्यं जुळवत होता. एकही धड जुळेना.

क्रेन आज सकाळी आठला येणार, हे त्याला चार दिवसांपासून माहीत होतं. म्हणूनच तो मुद्दाम उशिरा आला. गाडी उचलताना त्याला बघायची नव्हती.

विमानतळाजवळच्या या पार्किंगमध्ये माणसं गाडी ठेवून प्रवासाला जात आणि आठ-पंधरा दिवसांनी परतत. सहा महिने न हललेली गाडी बेवारस धरायची, असा नियम होता. रखवालदाराने मात्र या एका गाडीपुढे फेरीच्या वहीत दर महिन्याला ‘बाहेर जाऊन आली’ असं लिहिलं. मागच्या फाटकाचा कॅमेरा कधीपासूनच बंद होता आणि वही कोणी उघडत नव्हतं, त्यामुळे खपून गेलं. मग नवे साहेब आले. ते स्वतः पायी फिरले आणि दुसऱ्याच दिवशी गाडीपाशी थांबले. रखवालदाराची नोकरी कशीबशी वाचली. गाडी वाचली नाही.

“काय फौजदारसाहेब, आज माझ्याआधी हजर?”

शिंपीकाका आलेच; रखवालदाराला ते गमतीने फौजदार म्हणत. हातात बादली, खांद्यावर फडकं. दर रविवारी ते असेच यायचे.

त्यांचा मुलगा कामासाठी आठ दिवस म्हणून विमानाने गेला होता. तो परतला नाही. फोन बंद. पोलिसांनी दोनदा चौकशी केली आणि कागद बाजूला ठेवला. काका तेवढे येत राहिले. काचा पुसायचे, चाकांतली हवा बघायचे, घरच्या जादा किल्लीने दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे.

“घरीच का नाही नेत?” रखवालदाराने एकदा विचारलं होतं.

“तो उतरला की आधी इथंच येणार ना. गाडी जागेवर दिसली नाही तर त्याला काय वाटेल?”

“जाताना काही बोलणं झालं होतं का?”

काका पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिले. “बापलेकांत होतंच की,” म्हणाले.

आता ते रखवालदाराच्या शेजारी येऊन उभे राहिले. रिकामी जागा त्यांना दिसली. बादली कलंडून थोडं पाणी सांडलं.

“गेली?”

“हो. सकाळीच. काका, माझं ऐका...”

“नेली त्यानं!”

काकांनी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले. सुईने टोचटोचून राठ झालेली त्यांची बोटं शर्टातूनही जाणवत होती.

“आला तो! तुम्ही बघितलंत? कसा दिसतो?”

‘क्रेन’ हा शब्द रखवालदाराच्या तोंडापर्यंत आला होता. त्याने तो गिळला.

“जरा वाळलाय,” तो म्हणाला.

“वाळणारच! वेळेवर जेवलाय कधी गाढव? दाढीबिढी?”

“थोडी. काळजी करण्यासारखं काही नाही.”

“आता आईच्या हातचे फटके खाईल.” काका हसले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, हे रखवालदाराला आजवर माहीतच नव्हतं. “काही बोलला?”

“घाईत होता. घरी जायचंय म्हणाला.”

काकांचा चेहरा एकदम उतरला.

“अरे देवा, घराला कुलूप आहे! ही गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलीय. तो दारात उभा असेल.”

ते वळले आणि चालता चालता पळायलाच लागले.

“काका, बादली!”

“राहू द्या! तुम्हाला बक्षीस!”

गाड्यांच्या रांगांमधून त्यांचं पांढरं डोकं दिसेनासं झालं. तासाभरात काका घरी पोचतील. दाराशी कोणी नसेल. मग ते वाट बघतील, आधी जिन्यात, मग खिडकीत. एक वाक्य बोलायचं टाळलं आणि हे काय करून बसलो! संध्याकाळी स्वतः जाऊन खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं.

अर्ध्या तासाने क्रेन आत आली. क्रेनवाला खिडकीतून कागद हलवत होता.

“फ-एकवीस कुठंय हो?”

“सकाळीच उचललीत ना?”

“कसली उचलतोय? आमचाच टायर बसला वाटेत. आत्ता येतोय.”

रखवालदार पुढच्या फाटकाकडे धावला. तिथल्या पावतीच्या खिडकीत ताई बसायची, पहाटेपासून दुपारपर्यंत.

“ताई, फ-एकवीस कोणी नेली?”

“मालकाने.” तिने पावती पुढे सरकवली. पावतीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. “ओळखपत्रही बघितलं मी. तोच होता. काकांसारखाच चेहरा.”

रखवालदार खिडकीचा कठडा धरून हसायला लागला. त्याला श्वास घ्यायचंही सुचेना. म्हणजे आपण खोटं बोललोच नव्हतो! काका आता बसमध्ये असतील आणि मुलगा दारात.

“अगं मग काका आत आले तेव्हा सांगितलं का नाहीस? तुझ्या समोरून तर गेले ना!”

ताईने शिक्का उचलला, पुसला, होता तिथेच परत ठेवला.

“काय सांगू, दादा? मी त्याला म्हटलं, थांबा थोडं, तुमचे वडील दर रविवारी येतात, आता येतीलच. त्याने विचारलं, कुठल्या फाटकाने येतात? म्हटलं, या पुढच्या.” तिने मान खाली घातली. “मग तो मागच्या फाटकाने गेला.”