हिंगाची धुरी

"भांडं निर्जंतुक करा," व्हिडिओतला माणूस पुन्हा पुन्हा बजावत होता. आयुष्यात पहिल्यांदाच घरी बिअर करायला निघालेल्या मुकुंदाला भांडं निर्जंतुक करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे आईची. त्यानं माळ्यावरून तिची लोणच्याची बरणी काढली, उकळत्या पाण्यानं धुतली, तिला दोन उन्हं दाखवली. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून बरणी त्यावर उपडी धरली.

"अहो, लोणचं नाही घालायचंय त्यात!" बायको म्हणाली.

"आईचं कधी नासलं होतं का?"

बार्लीचं पाणी आणि यीस्ट बरणीत गेलं, तोंडाला दादरा बांधला गेला. तीन आठवड्यांनी मुकुंदानं मित्राला बोलावून थाटात पहिला ग्लास भरला. मित्रानं एक घोट घेतला आणि धावत बेसिन गाठलं. "अरे, ही बिअर आहे की लोणच्याचा खार?"

हिरमुसून मुकुंदानं स्वतः चाखली. आधी हिंग आला, मागून मेथीचा कडवटपणा, आणि मग बरणीच्या चिरांत इतकी वर्षं दडून बसलेली ती मोहरी. आई गेल्यापासून कितीजणींनी तिच्या कृतीनं लोणचं घालून दिलं होतं. ही चव कुणालाच साधली नव्हती.

"मोरीत ओतून टाकू?" बायकोनं बरणीकडे हात नेला.

"ओला हात लावू नकोस!" तो थेट आईसारखा ओरडला. मग जरा ओशाळून म्हणाला, "थोडा वरणभात आहे का गं?"