एक्केचाळिसावं डोकं

शाळाखात्याचे साहेब हजर पोरं मोजायला अकराला येणार होते. बारा वाजले तरी त्यांच्या जीपचा पत्ता नव्हता. आला होता तो मिलोचा, रेशनवरच्या लाल अमेरिकन ज्वारीचा ट्रक. महिनाभर वाट बघायला लावून त्या मेल्यानं नेमका आजचाच दिवस धरला. शाळेसमोर सोसायटीच्या दारात रांग लागली. आज खालच्या आळीची पाळी, आणि घरातली सगळी डोकी समोर दाखवली तरच धान्य. पाळी चुकली की पुढच्या ट्रकपर्यंत बसा.

सुमनबाईंनी पोरं पुन्हा मोजली. चारही इयत्ता एकाच खोलीत. पटावर त्रेसष्ट, समोर एक्केचाळीस. बाकीची आईबापांबरोबर रांगेत. चाळीस पोरांपर्यंत शाळेला एकच शिक्षक, त्यावर एक जरी पोर भरलं तर दुसरी जागा राहणार. मुख्याध्यापक श्रीपती गुरुजी जुने, त्यांच्या केसालाही धक्का नव्हता. जाणार सुमनबाई, आणि थेट तिकडं लांब परंड्याकडं. नवरा ढोकीच्या कारखान्यात, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. या विचारानं त्यांना रात्रभर झोप नव्हती.

तेवढ्यात दुष्काळी कामावरून खालच्या आळीची कडूबाई धापा टाकत दारात आली. काखेत रिकामं पोतं.

"बाई, तुळजीला सोडा. तिला दावल्याबिगर आमाला कायबी देत न्हाईत."

दुसरीतली तुळजी आईला बघून उठलीसुद्धा.

"खाली बस!" सुमनबाई खेकसल्या. मग बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "कडूबाई, घटकाभर दम धरा. साहेब मोजून जाऊ देत. ही एक उठली तर माझी जागा जाते."

"तीन दिस झालं बाई, चूल पेटली न्हाय."

"मला का कळत नाही? घटकाभरच."

बाईंचा शब्द कडूबाईनं आजवर मोडला नव्हता. ती ओट्यावर बसली आणि तिथून रांग कमी होताना बघत राहिली. सुमनबाईंनाही ती दिसत होती. त्यांना शरम वाटली. पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. त्यांनी पोरांना बेचा पाढा मोठ्यानं म्हणायला लावला.

एक वाजता जीप आली. साहेबांनी छत्रीच्या टोकानं एकेक डोकं मोजलं आणि कागदावर सही केली.

"एक्केचाळीस. दुसरी जागा कायम."

समोर सोसायटीचा कारकून दाराला कुलूप लावत होता.

"आणि हे तुमचं," साहेबांनी पाकीट पुढं केलं. "बदलीचा हुकूम. परंड्याकडं. आठ दिवस झाले निघून."

"पण साहेब, जागा तर राहिली!"

"राहिली की. सोसायटीचे चेअरमन तात्याराव, त्यांचे जावई येतायत तिच्यावर. जागाच नसती तर त्यांना कुठं घेतलं असतं?" साहेब हसले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

सुमनबाईंनी पाकीट पदराखाली घेतलं. कडूबाई तुळजीचा हात धरून समोर उभी होती. पोत्याची घडी तिनं डोक्यावर ठेवली होती.

"राह्यली का वो बाई तुमची जागा?"

सुमनबाईंनी पाकीट पदराखाली आणखी आत सारलं. "राहिली," त्या म्हणाल्या.

"लई बरं झालं. तुमी गेला असता तर आमच्या पोरींकडं कुणी बघितलं असतं?" कडूबाईनं लेकीला पुढं ढकललं. "तुळजे, पाया पड बाईंच्या."

तुळजी वाकली.