सातवा डाव

"बघा, पण आधी हात धुवा," हाओकाका म्हणाले आणि लाल कापडात गुंडाळलेली पोथी त्यांनी टेबलावर ठेवली.

तान वेनशूने हात दोनदा धुतले. शान्शी प्रांतातल्या या खेड्यात त्याने स्वतःला 'वू, निवृत्त मास्तर' म्हणवलं होतं. संशोधक आलाय म्हटलं की लोक त्याला आवडेल तेच सांगतात, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी त्याने कुंगफूच्या याच घराण्याचा इतिहास छापला होता. तेव्हा हाती आलेल्या, दुसऱ्या शाखेतल्या एकुलत्या एका पोथीचं एक पान वाळवीने खाल्लेलं होतं. मूळ गुरूचं नाव आणि सातवा डाव त्याने अंदाजाने भरला, आणि तसं सांगायचं टाळलं. पुढे ते उघडकीला आलं. विद्यापीठातली पोरंसोरंही त्याला 'कादंबरीकार' म्हणू लागली. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मरण्याआधी एक तरी धड पोथी सापडावी, एवढंच आता त्याला हवं होतं.

"किती जुनी आहे ही?"

"कागद माझ्याच हातचा. प्रत्येक गुरूनं स्वतः नक्कल करायची आणि जुनी पोथी पूर्वजांपुढं जाळायची. दोन राहिल्या की शिष्य भांडतात."

तानने कपाळाला हात लावला. या मेल्या रिवाजाने संशोधकांचं वाटोळं केलं होतं.

"मजकूर तरी जुनाच ना?"

"म्हणजे काय! जुनी पुस्तकं घराघरांतून काढून जाळायच्या त्या वर्षांत माझ्या बापानं पोथी व्हिनेगरच्या रांजणामागं पुरली. मार खाल्ला, दोन दात गेले, पण तोंड उघडलं नाही."

तानने पानं उलटली. गुरूचं नाव तेच. सातवा डाव तोच : डावा पाय मागे, कोपर पुढे. त्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांची थट्टा एका पानाने धुऊन निघाली होती.

"काका, सातवा डाव दाखवाल?"

एक्याऐंशी वर्षांचे हाओकाका उठले. डावा पाय मागे नेला, कोपर पुढे काढलं आणि कोलमडले. कसंबसं टेबल धरून ते हसायला लागले.

"हा मेला आयुष्यात कधी नीट जमला नाही बघा. जुना सोपा होता."

"जुना?"

"बापाच्या पोथीतला. त्यात पाय पुढं जायचा. गुरूचं नावही दुसरंच होतं. पण मग थाईयुआन शहरातल्या तान वेनशूंचं छापील पुस्तक हाती आलं. एवढा विद्वान माणूस! आम्हा अडाण्यांचंच चुकलं असणार. त्यावरून मी सगळं दुरुस्त करून लिहिलं आणि रिवाजाप्रमाणं जुनी जाळून टाकली."