कोणाची पट्टी खरी

थोरल्याने आपला लिफाफा उघडलाच नाही. धाकट्याच्या हातात कोंबला आणि म्हणाला, "तूच वाच बाबा. माझी छाती नाही."

दोघे भाऊ रंगारी. सिगारेट सोडवायला कोणता उपाय जास्त लागू पडतो, ते दवाखाना ताडून पाहत होता. त्यात दोघांनी हौसेने नाव घातलं होतं. काहींना निकोटिनची पट्टी, काहींना च्युइंगगम, आणि काहींना दिसायला हुबेहूब तशीच पण औषधच नसलेली साधी पट्टी. कोणाची पट्टी औषधाची आणि कोणाची साधी, ते सहा महिने गुलदस्त्यात होतं. आज दवाखान्यात निकाल.

धाकट्याची सिगारेट दुसऱ्या आठवड्यात सुटली ती सुटलीच. थोरल्याची तीनदा सुटली आणि चारदा लागली. पहिल्याच दिवशी दंडावरची पट्टी हुंगून त्याने जाहीर केलं होतं, "ही पाण्याची आहे. आपलं नशीबच तसलं! छोट्याला बरोब्बर खरी मिळाली बघ." धाकट्यानेही ते सहा महिने मिरवलं. शिडीवरून ओरडायचा, "दादा, आपली पट्टी एक नंबर!" दादा खाली शिडी धरून उभा. त्याचं चढणं बंदच झालं होतं, पायाच्या शिरा आवळत चालल्या होत्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, सिगारेट तरी सोडा, नाहीतर पाय तरी.

धाकट्याने आधी आपला लिफाफा फाडला. त्याला खात्रीच होती, नुसतं छापील बघायची हौस.

कागदावर होतं: साधी पट्टी.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. नाव त्याचंच होतं. आयला, मग सुटली कशी? सहा महिने आपण दंडावर चिकटवत तरी काय होतो? आणि तेवढ्यात, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, घशात ती जुनी तलफ उठली. हात आपसूक खिशाकडे गेला. तो मागे घेऊन त्याने दादाचा लिफाफा उघडला.

निकोटिनची पट्टी. पूर्ण मात्रा.

दादा डोळे मिटून बसला होता, दुखरा पाय बाकाखाली ओढून घेतलेला. "सांग की रे. पाण्याचीच ना?"

खरं सांगितलं तर दादा म्हणणार, खऱ्या पट्टीनेही जमलं नाही, आता संपलंच. आणि बाहेर जाऊन पेटवणार. दादाने खरी पट्टी खोटी समजून लावली, म्हणून तर ती वाया गेली नसेल?

"पाण्याचीच," तो म्हणाला. "शंभर टक्के साधी. खरी माझी होती." दोन्ही कागद त्याने घडी घालून खिशात सारले.

टेबलामागच्या नर्सबाईंनी मान वर केली. त्यांच्या वहीत सगळं होतं. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, मग थोरल्याच्या पायाकडे.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" थोरला एकदम ताठ बसला. "सिस्टर, मग आता मला खरी मिळेल?"

"मिळेल," त्या म्हणाल्या. "आता मागेल त्याला खरीच देतो."

थोरल्याने बाही वर केली. पट्टी चिकटली तशी तो दंडाकडे टक लावून बघत राहिला. "चुणचुणतंय रे! ती आधीची मेली कधी चुणचुणली नाही. फरक लगेच कळतो."

"कळणारच," धाकटा म्हणाला. त्याची तलफ अजून गेली नव्हती. बाहेरच्या पायरीवर कोणीतरी सिगारेट ओढत होतं, तिचा वास खिडकीतून आत येत होता. तो टेबलापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, मलाही एक द्या."

"कोणती?"

त्याने बाही दुमडली. "माझी होती तीच."