शांतव्वा गप्प बसली

उन्मेषनं ओठांवर बोट ठेवलं, मग हातच जोडले. कॅमेरा चालू होता, तोंडानं सांगायची सोय नव्हती. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारत बसलेल्या शांतव्वानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पलीकडे उभ्या असलेल्या मालकाकडे. पाहुण्याचा मान मोडवेना. ती गप्प झाली.

तिचं नाव ठेवताना आईबापांनी फार घाई केली असावी. रसाचं आधण चढल्यापासून उतरेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, अर्धा मराठीत, अर्धा कानडीत, आणि सगळा नवऱ्यावर. "जरा सरकून उभं ऱ्हावा की. सकाळधरनं गोळी खाल्ली न्हाईसा. धोतर बघा कुठं लोंबतंय." ईरप्पा हूं की चूं करायचा नाही. उन्मेष मात्र तीन रविवार टेकीला आला होता. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा हा माणूस. कोल्हापुरातल्या चपला, तालमी, हलगीवाले, सगळ्यांवर त्यानं पदरमोड करून छोटे छोटे चित्रपट केले होते. आता गुऱ्हाळ घेतलं होतं. त्याला फार काही नको होतं. काहिलीवर वाकलेला म्हातारा गुळव्या ईरप्पा, उकळत्या रसाचा आवाज आणि गूळ तयार झाला हे सांगणारा त्याचा तो एक शब्द. पण प्रत्येक वेळी त्या शब्दाच्या आधी शांतव्वा असायची.

आजचं आधण साधं नव्हतं. हंगामात दोनदा गूळ डागी निघाला होता. गुऱ्हाळाचे मालक विजयसिंह यांनी सकाळीच सांगितलं होतं, आज मी स्वतः उभा राहणार, आज चुकलं तर पुढच्या हंगामाला गुळव्या दुसरा. ईरप्पानं नुसती मान हलवली होती. चाळीस वर्षं त्याच्या बोटांवर या गुऱ्हाळाचं नाव चाललं होतं.

शांतव्वा गप्प झाली आणि काहिलीवर पहिल्यांदाच फक्त रसाची रटरट ऐकू आली. उन्मेषचं मन भरून आलं. ईरप्पा दोन बोटांत रसाची गोळी फिरवत उभा होता. त्याची बोटं थांबली.

"उतरा."

चौघांनी काहील उचलून कलती केली. रस गूळ थिजवायच्या वाफ्यात धो धो पडला. शांतव्वा ताडकन उठली, तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उन्मेषला ते दिसलं, पण तो आपल्याच आनंदात होता.

अर्ध्या तासानं वाफ्यात फावडं फिरवणारा गडी थांबला. गूळ धरत नव्हता. काकवीपेक्षा जरा घट्ट, चिकट लगदा नुसता ओघळत होता. विजयसिंहांनी तो बोटावर घेतला, बघितला आणि बोट पोत्याला पुसलं.

"ईरप्पा, लई वर्सं केलंसा. म्होरल्या हंगामाला येऊ नका."

"व्हय मालक," ईरप्पा म्हणाला. चाचपडत तो बाहेर गेला.

उन्मेषला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, चित्रपटाला शेवट मिळाला असंही वाटलं. या दुसऱ्या वाटण्याची लाज पुढे त्याला आयुष्यभर पुरणार होती. तो ट्रायपॉड आवरत असताना शांतव्वा जवळ आली. चुलवाणाच्या धगीनं तिचा चेहरा लाल झाला होता.

"पावणं, म्या गप्प बसले की ते उतरा म्हणत्यात. चार वर्सं झाली."

"म्हणजे?"

"डोळ्यांनी दिसत न्हाय त्यास्नी. शुगरनं बोटंबी बधिर झाल्यात. रस व्हायला आला की काहिलीचा आवाज बदलतोय, तवा म्या तोंड मिटते. त्यांनी कधी सांगितलं न्हाय, म्याबी कधी बोलले न्हाय. तुमी हात जोडलासा. म्हटलं, एक आवंढा गिळावा आन् परत सुरू करावं. तेवढ्यात ते बोललं."

"आक्का, मग थांबा म्हणायचं."

"मालकापुढं?"

उन्मेषनं ट्रायपॉड खाली ठेवला. "मी सांगतो मालकांना. चूक माझी आहे."

"काय सांगशीला? आंधळा गुळव्या हाय म्हणून? एक आधण बिघडलं तर राधानगरीकडं दुसरं गुऱ्हाळ मिळंल. ह्ये कळलं तर कुणी दारात उभं करायचं न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमचं काय चुकलं? तुमास्नी ठाऊक न्हवतं."

ते क्षमा करणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. बोलावं तर म्हाताऱ्याची भाकरी कायमची जाणार, न बोलावं तर नाव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानंच खणलेली. निदान ईरप्पाच्या तरी पाया पडावं म्हणून तो बाहेर आला.

ईरप्पा उसाच्या मोळीवर बसला होता. उन्मेष त्याच्यापुढे वाकला.

"आण्णा, आज जे झालं ते..."

ईरप्पानं हवेत चाचपून त्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळ ओढलं. "हळू बोला. ती जवळ न्हाय न्हवं?"

"नाही."

"म्हातारा चुकला म्हणत्यात, म्हणू द्या. माझं डोळं गेल्यालं आमा दोघांस्नी ठाऊक हाय, त्याचं काय न्हाय. पर आज तिचं कानबी गेलं, पावणं. तेवढं कुणाला सांगू नका. तिलाबी न्हाय."